पांदणीतला झेंडा

मास्तरकीची पहिली नेमणूक मला रोहिणखेडपासून पायी तासाभराच्या एका गावात मिळाली. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. माझं घर पिंपळगाव राजाकडचं, म्हणजे जिल्हा एकच; पण नोकरी लागेपर्यंत मी हा भाग पाहिलाही नव्हता. शाळा दोन खोल्यांची, वर्ग चार आणि शिक्षक मी एकटा. राहायला सरपंचांनी त्यांच्या गोठ्याशेजारची खोली दिली होती. दोन्ही वेळचं ताटही त्यांच्याच घरून यायचं. मी ते नाकारलं नाही. गावात दुसरी सोय नव्हती, असं मी तेव्हा स्वतःला सांगायचो.

सरपंच मोठे शेतकरी. आवाज हळू, बोलणं गोड. त्यांनी कुणावर हात उगारल्याचं मी कधी पाहिलं नाही. ते काम त्यांचा पुतण्या करायचा. हा पुतण्या माझ्याच वयाचा, अंगानं दणकट, सतत हसणारा. मला पोहायला त्यानंच शिकवलं. विहिरीत माझ्या पोटाखाली हात धरून तो म्हणायचा, "भेता काऊन मास्तर? म्या हावो न." मला तो आवडायचा, हे सांगून टाकलेलं बरं.

सरपंचांच्या दोन वावरांच्या मधून एक पांदण जात होती, एक बैलगाडी जाईल एवढी. तिच्या टोकाला दोघांची शेतं होती. एक चाचांचं. चाचा पन्नाशीचे, सहा एकरांचे धनी. सगळं गाव, हिंदू असो की मुसलमान, त्यांना चाचाच म्हणायचं. दुसरं शेत त्यांच्या शेजाऱ्याचं. हा तिशीतला कुणबी गडी, डोक्यानं तापट. दोघांकडे एकेकच बैल होता. जोडी लावून दोघं दोन्ही शेतं करायचे, गाडीही त्याच जोडीची. मधली पांदण मोडून आपली वावरं एक करावीत, असं सरपंचांच्या मनात होतं. त्या पावसाळ्यात त्यांनी ती नांगरून टाकली. या दोघांनी तहसिलीत अर्ज केला, तलाठी आला, मोजणी झाली आणि रस्ता मोकळा करा असा हुकूम निघाला. सरपंचांनी हुकूम वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

जानेवारीत त्यांनी मला ओसरीवर बोलावलं.

"मास्तर, यंदाचं झेंडावंदन पांदणीत घ्या. शायेसमोर जागा कुठं हाय? म्या तिथं पक्का ओटा बांधून देतो."

मला त्यातली मेख कळली नाही, असं नाही. त्याच महिन्यात पंचायत समितीतून परिपत्रक आलं होतं. राष्ट्रध्वजाचा अपमान करणाऱ्यासाठी नवा कायदा झाला होता. झेंडा जाळणं, फाडणं, विद्रूप करणं, पायाखाली तुडवणं, या सगळ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. ते परिपत्रक मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि गावच्या चावडीवरही लावलं होतं. सरपंचांनी ते माझ्यापेक्षा नीट वाचलं होतं.

"पण ती वहिवाटीची वाट..." मी म्हणालो.

"मंग? देशाच्या कामासाठी हाय न," ते म्हणाले आणि आतून चहा मागवला. मी चहा प्यालो.

सव्वीस तारखेला पांदणीच्या ऐन मध्यावर दगडी ओटा उभा होता. त्यात रोवलेल्या बांबूवर शाळेचा खादीचा झेंडा मी चढवला. आदल्या दिवशी तो मीच धुतला होता, कोळशाच्या इस्त्रीनं मीच इस्त्री केली होती. पोरांनी राष्ट्रगीत म्हटलं. सरपंचांनी बुंदीचे लाडू वाटले. पांदणीच्या पलीकडच्या टोकाला चाचा आणि त्यांचा शेजारी टोप्या काढून ताठ उभे होते. लाडू घ्यायला ते आले नाहीत.

संध्याकाळी झेंडा उतरवायला निघालो तर सरपंचांनी हाक मारून थांबवलं.

"राहू द्या मास्तर."

"दिवस मावळायच्या आत उतरवावा लागतो. नियम आहे तसा."

"कोन पाह्यते इथं? राहू द्या म्हटलं न."

मी परत फिरलो. दुसऱ्या दिवशीही झेंडा तिथंच, तिसऱ्या दिवशीही. सकाळी तो दवानं भिजून बांबूला चिकटलेला असायचा. मी शाळेच्या खिडकीतून पाहायचो आणि फळ्याकडे तोंड करायचो.

चौथ्या दिवशी दुपारी चाचा शाळेत आले. उंबऱ्याबाहेर चपला काढून आत आले, पण बसले नाहीत.

"मास्तर, उद्या सकायी तुरीची गाडी काढतो. शेंगा तडकून राह्यल्या, आता थांबता येत नाई. तुमी तेवढा झेंडा उतरवून घ्या, तुमच्या हातानं. आमी हात लावला त आमचं काय होईन, तुमाले मालूम हाय. तुमीच त तो कागद लावला चावडीत."

"मी येतो. उतरवतो," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं."

हा शब्द मी दिला होता. नंतर पुष्कळ वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगताना एवढा भाग वगळत आलो.

सकाळी मी पांदणीत पोहोचलो तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. ओट्याच्या कडेला पुतण्या आणि घरचे दोन सालदार गडी बिडी ओढत बसले होते. बाजूला तीन उभाऱ्या आणि एक कुऱ्हाड पडलेली. उभारी म्हणजे गाडीच्या कडेला लावतात तो मनगटाएवढा जाड सोटा. आमच्याकडच्या निम्म्या मारामाऱ्या त्यानंच होतात.

"मास्तर, इकडं कुकडं?" पुतण्या हसत म्हणाला.

"झेंडा न्यायला आलो."

"काकानं सांगितलं?"

"नाही."

"मंग?" त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. दोस्तासारखाच ठेवला, फक्त अंगठा हाडात रुतेपर्यंत दाबला. "शायेत जा मास्तर. लेकरं वाट पाहून राह्यले."

मी शाळेत गेलो नाही आणि बांबूकडेही गेलो नाही. बाजूच्या बाभळीखाली जाऊन उभा राहिलो.

गाडी आली. शेजारी वर बसून हाकत होता, चाचा पुढं चालत होते. ओट्यापासून दहा पावलांवर गाडी थांबली. चाचांनी पुतण्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे पाहत होते.

"मास्तर, काढता न?"

पुतण्या म्हणाला, "मास्तर काई काढत नाई. ज्याले काढाचा असन त्यानं हात लावून पाहा."

"मास्तर," चाचा पुन्हा म्हणाले, "एक शब्द बोला. काढा म्हना फक्त."

मी जमिनीकडे पाहिलं. तेवढ्यात शेजारी गाडीवरून उडी टाकून ओट्यावर चढला. "याच्या बापाची हाय का वाट?" असं म्हणत त्यानं बांबूला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि हिसका देऊन तो उपटला. बांबू कलंडला. चाचा धावले आणि त्यांनी वरचं टोक, कापडासकट, छातीशी धरलं. "खाली नोको पडू देऊ भाऊ, खाली नोको पडू देऊ," असं ते म्हणत होते. हे मी स्पष्ट ऐकलं.

पहिली उभारी शेजाऱ्याच्या खांद्यावर बसली. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज आला. तो गुडघ्यावर बसला, आणि बसल्या बसल्या त्यानं चाचांच्या हातातून बांबू ओढून घेतला आणि फिरवला. झेंडा लावलेला बांबू. तो पुतण्याच्या तोंडावर बसला. पुतण्या मागं गेला, थुंकला, थुंकीत दात होते. त्यानंतर तो हसला नाही.

बैल उधळले. गाडी एका चाकावर वावरात शिरली आणि तुरीच्या पेंढ्या सांडत गेली. दोघं सालदार शेजाऱ्यावर तुटून पडले. लाथा, उभाऱ्या, पुन्हा लाथा. बांबू त्याच्या हातातून सुटला आणि झेंडा मातीत पडला. पुतण्या त्यावरून चालत गेला, तोंड धरून, कुणाला मारायचं ते शोधत. चाचा वाकून झेंडा उचलत होते. पुतण्यानं उभारी दोन्ही हातांनी धरून त्यांच्या तोंडावर मारली. चाचा ओरडले नाहीत. फक्त 'हं' असा आवाज आला, जड पोतं उचलताना येतो तसा. ते आडवे झाले. मग त्यानं त्यांना पोटात मारलं, बरगड्यांत मारलं, हातांवर मारलं. त्यांचा एक डोळा होता त्या जागी रक्ताचा चिखल झाला होता. त्यांची बोटं कापडात अडकली होती आणि मारणाऱ्याचे बूट त्याच कापडावर नाचत होते.

मी पुढं गेलो. बाभळीपासून तिथपर्यंत वीस पावलं असतील. मी वाकलो, चाचांच्या मुठीतून झेंडा सोडवून घेतला, बांबूची दोरी दातांनी तोडली आणि कापड छातीशी धरून शाळेकडे चालू लागलो. माझ्या मागं मार चालूच होता. माणूस मरत होता आणि मी कापड उचललं. त्या क्षणी डोक्यात होती ती नोकरी, परिपत्रक, आणि झेंडा शाळेच्या नावावर आहे हा विचार.

शाळेत जाऊन मी घंटा दिली. झेंडा ट्रंकेत टाकला आणि तिसरीला शुद्धलेखन सांगायला घेतलं. एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, तुमच्या सदऱ्याले रगत लागलं."

दुपारी सरपंच स्वतः आले. "झेंडा द्या मास्तर. पुरावा हाय तो," म्हणाले. मी दिला.

ठाण्यावर मला बोलावणं आलं तेव्हा चाचा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते. डोळ्यावर फडकं बांधलं होतं, ते लाल होऊन काळं पडलं होतं. त्यांना अजून दवाखान्यात नेलं नव्हतं. जमादार त्यांच्यासमोर उभा होता. "याच हातानं उपटला न झेंडा?" म्हणून त्यानं फरशीवर टेकलेल्या त्यांच्या पंज्यावर बुटाची टाच ठेवली आणि हळूहळू वजन दिलं. चाचा माझ्याकडे बघत होते, उरलेल्या एका डोळ्यानं. मी आत गेलो.

फौजदारानं जबाब आधीच लिहून ठेवला होता. आरोपीनं ओट्यावर चढून राष्ट्रध्वज उपटला, जमिनीवर फेकला आणि पायदळी तुडवला. ग्रामस्थांनी अडवताना झटापट झाली. आरोपी एकच होता, चाचा. त्यात शेजाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं.

"साहेब, तो दुसरा..." मी म्हणालो.

"दुसरा कोण?" फौजदार म्हणाला. "मास्तर, झेंडा चार दिवस उतरवला नाही, हे कोणाच्या अंगावर येईल? शाळा कोणाच्या ताब्यात आहे? करा सही."

मी सही केली.

शेजाऱ्याचं नाव का वगळलं, ते मला आठवड्याभरानं कळलं. सरपंच आणि शेजारी, दोघांच्या भावकीतल्या चार माणसांनी मध्ये पडून समझोता केला होता. त्यानं पुतण्याचे दात पाडले हे सरपंच विसरणार होते, आणि बांबू चाचांनी उपटला असं तो म्हणणार होता. खांद्याचं हाड मोडलेलं, घरी लहान लेकरं, वर तीन वर्षांच्या कैदेची धमकी. तो कबूल झाला. झेंड्याच्या खटल्याला चाचांचं नाव शोभून दिसेल, हेही त्या चौघांपैकी कुणी तरी बोलून दाखवलं होतं म्हणे.

चाचा बुलढाण्याला दवाखान्यात महिनाभर होते. डोळा गेला. जामिनावर घरी आल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेलो. दारात चाची उभ्या होत्या. मी "चाचा आहेत का" असं विचारलं आणि त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा आतून चाचांचा आवाज आला, "बस कर." चाचींनी दार लावून घेतलं. मी तिथून सरपंचांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत आलो. ताट झाकून ठेवलेलं होतं. गाल चुरचुरत होता, तरी मी ते जेवलो.

खटला उभा राहायला वर्षाच्या वर काळ गेला. मधल्या काळात ओट्यावर सरपंचांनी नवा बांबू रोवला, झेंड्याशिवाय. चाचा आणि शेजारी आता एकमेकांशी बोलत नव्हते. जोडी मोडली होती. दोघंही मागच्या ओढ्यातून, पाऊण कोसाचा वळसा घेऊन, डोक्यावर ओझी आणत होते.

साक्षीच्या दिवशी सरपंचांनी मला त्यांच्याच जीपमधून कोर्टात नेलं. वाटेत त्यांनी काहीच पढवलं नाही. त्याची गरज त्यांना वाटली नाही.

मी पिंजऱ्यात उभा राहिलो. टेबलावर लाखेचं सील केलेलं पुडकं होतं. कारकुनानं ते फोडलं आणि झेंडा बाहेर काढला. रक्ताचे डाग तपकिरी झाले होते आणि पांढऱ्या पट्ट्यावर बुटाचा अर्धा ठसा दिसत होता, टाचेखालच्या नालासकट. मी त्या ठशाकडे पाहत राहिलो. चाचा आयुष्यात चपलेपलीकडे गेले नव्हते.

"हा झेंडा ओळखता?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"हो. शाळेचा आहे."

"तो आरोपीनं उपटला, हे तुम्ही पाहिलं?"

समोरच्या बाकावर सरपंच, पुतण्या, आणि टोकाला शेजारी बसले होते. शेजाऱ्याची मान छातीवर पडलेली होती. खरं बोलायचं तर मला त्याचं नाव घ्यायला हवं होतं. त्या बाकावरच्या माणसांनी पुढं त्याचं काय केलं असतं, हे मला दिसत होतं.

"नाही," मी म्हणालो. "झेंडा मीच काढायला सांगितला."

वकिलांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला.

"झेंडा शाळेचा, तो माझ्या ताब्यातला. चार दिवस आणि चार रात्री सरपंचांनी तो उतरवू दिला नव्हता. मी त्या सकाळी उतरवायला गेलो होतो. मी म्हणालो, काढा. तेव्हा तो काढला. चाचांनी वरचं टोक धरलं, खाली पडू नये म्हणून. त्यांना मारलं तेव्हा तो पडला."

"तुडवला कोणी?"

मी पुतण्याकडे बोट केलं. "यांनी. तो ठसा बुटाचा आहे. चाचांकडे बूट नाहीत."

कोर्टात गलबला झाला. मॅजिस्ट्रेटनी टेबलावर हात आपटला. सरकारी वकिलांनी मला फितूर ठरवायची परवानगी मागितली आणि मग माझा जबाब माझ्यासमोर नाचवला.

"ही सही तुमची?"

"माझी."

"मग पोलिसांना हे का सांगितलं नाही?"

"भीत होतो."

"आता भीत नाही?"

"आताही भीतो," मी म्हणालो.

जीप मला परत न्यायला थांबणार नव्हतीच. मी चालत एस.टी. स्टँडवर आलो. पाणपोईपाशी ओंजळ धरली होती, तेवढ्यात मागून कॉलर धरली गेली. पुतण्या होता, बरोबर ते दोघं सालदार. स्टँडवर पन्नासेक माणसं असतील. त्यांनी मला पाणपोईच्या कठड्यावर आपटलं. तोंड फुटलं. मी खाली पडलो तर पोटात लाथ बसली आणि श्वास गेला तो परत येईना. पुतण्या माझ्या छातीवर बसला. पडलेल्या दातांमुळे त्याचे शब्द शिट्टीसारखे फुसफुसत होते.

"पोह्याले शिकवलं तुले म्या," तो म्हणाला. "मही भाकर खाल्ली तू. अन् बोट दाखवतं बे? कोन्तं बोट दाखवलं?"

त्यानं माझा डावा हात ओढून कठड्याच्या दगडावर ठेवला आणि दुसऱ्या दगडानं ठेचला. बोट मी उजव्या हाताचं दाखवलं होतं. त्याला ते आठवलं नाही, किंवा कुठला का हात असेना, त्याला चालणार होतं. तीन वेळा मारलं. दोन बोटं तिथंच मोडली. पुढं हाडं जुळली, पण ती कधी मिटली नाहीत. लोक पाहत उभे होते. मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्याच जागी उभा राहिलेला माणूस होतो.

मला उचललं चाचांनी. ते कोर्टातून मागाहून चालत आले होते. त्यांनी मला टांग्यात घातलं, आपला रुमाल हाताला गुंडाळला आणि डॉक्टरकडे नेलं. वाटेत ते म्हणाले,

"खोटं बोलले मास्तर तुमी."

मी रुमालाची गाठ दाबून धरली.

"तुमी काढा म्हनले नवते. म्या दोनदा इचारलं. तवा हेच तोंडातून काढलं असतं, त माहा डोया असता." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. "आता तुमच्या खोट्यानं म्या सुटीन. सुटलो त कोनाचे उपकार मानू? तुमचे?"

"नका मानू," मी म्हणालो. तोंडात रक्त होतं, शब्द नीट उमटले की नाही, कुणास ठाऊक.

महिन्याभरानं निकाल लागला. चाचा निर्दोष सुटले. त्यांना ज्यांनी मारलं त्यांच्यावर खटला कधी उभाच राहिला नाही. 'झटापटीत लागलं' एवढ्यावर कागद मिटला. झेंड्याचा गैरवापर सरपंचांनी केला होता, हे निकालात एका ओळीत आलं होतं म्हणतात, पण त्या ओळीनं कुणाचं काही वाकडं झालं नाही. माझं सामान तोपर्यंत गोठ्याशेजारच्या खोलीतून रस्त्यावर फेकलं गेलं होतं. मी शाळेतच बाकं जोडून राहत होतो. खात्याची चौकशीही सुरू झाली होती.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पांदणीकडून घणाचे आवाज येऊ लागले. पोरं खिडकीशी धावली, मीही धावलो. शेजारी एकटाच ओट्यावर उभा राहून घण घालत होता. खांदा वाकडा जुळलेला, प्रत्येक घावाला तो कण्हत होता, पण थांबत नव्हता. ओट्याचे दगड चारी बाजूंना ढासळत होते. मी पोरांना आत कोंडलं, कडी लावली आणि पळत सुटलो.

मी पोहोचेपर्यंत पुतण्या आला होता. हातात कुऱ्हाड होती. "उतर खाली," तो ओरडला. शेजारी उतरला नाही. पुतण्यानं कुऱ्हाड उगारली; शेजाऱ्यानं वाकून घण आडवा फिरवला, गवत कापावं तसा. घण पुतण्याच्या गुडघ्यावर बसला. गुडघा उलटीकडे वळला. पुतण्या खाली पडला आणि ओरडू लागला. तसं ओरडणं मी आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. शेजारी उतरून त्याच्यापाशी उभा राहिला, घण डोक्यावर नेला.

"नको," मी ओरडलो. "नको, नको, पुरे!"

मी पुतण्यावर आडवा पडलो, असं पाहणारे सांगतात. मला आठवतं ते एवढंच की त्याच्या अंगाला दुधाचा वास येत होता, गोठ्यातून थेट आला होता तो, आणि तो माझ्या दंडाला चावत होता, वेदनेनं की रागानं ते समजत नव्हतं. घण आला नाही. वर पाहिलं तर शेजाऱ्यानं तो बाजूला टाकला होता आणि फुटलेल्या दगडांवर बसून तो रडत होता.

"मास्तर, म्या चाचाचं नाव घेतलं," तो म्हणत होता. "म्या उपटला अन् म्या त्याईचं नाव घेतलं."

पोलीस येईपर्यंत तो तिथून हलला नाही. त्याला दोन वर्षांची सजा झाली. पुतण्याचा पाय मांडीपासून कापावा लागला. तो काठीवर चालायला लागला तेव्हा सरपंचांनी त्याला वेगळं काढलं. आता तो त्यांच्या कामाचा राहिला नव्हता.

ओटा पुन्हा कुणी बांधला नाही. दगड दोन्ही बाजूंना लोटले गेले आणि मधून गाड्या जाऊ लागल्या. पहिली गाडी चाचांनी काढली. जोडीला शेजाऱ्याचाच बैल होता. त्याच्या बायकोकडून ते मागून घेऊन आले होते. शेजारी तुरुंगात असेपर्यंत त्याचंही शेत चाचांनीच पेरलं. का पेरलं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "लेकरं खातीन काय?" आणि बैलांकडे वळले.

चौकशीत माझी एक वेतनवाढ गेली आणि बदली झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, हिवरा आश्रमाच्या बाजूला. तिथली बोली ऐकायला वेगळी होती आणि तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. लग्न झालं, मुलं झाली. पहिली काही वर्षं वर्गात फळा पुसतानासुद्धा मागून कुणी आलं की माझी मान आखडायची.

सात-आठ वर्षांनी एका लग्नाच्या निमित्तानं रोहिणखेडला जाणं झालं. तिथून चालत चाचांकडे गेलो. चाचींनी ओळखलं, बसायला सतरंजी टाकली, बोलल्या मात्र नाहीत. चाचा थकले होते. मी त्यांच्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूला बसलो होतो, म्हणून माझ्याशी बोलताना त्यांना पूर्ण मान फिरवावी लागत होती. मी उठून दुसऱ्या बाजूला बसलो. त्यांनी मुलं किती, शाळेत घातली का, तिकडं पाऊस कसा आहे, हे सगळं विचारलं. मी सांगितलं. त्या सकाळबद्दल दोघांपैकी कुणीच बोललं नाही. चहा झाल्यावर ते दारापर्यंत आले.

"गाडी किती वाजताची हाय?" त्यांनी विचारलं.

"चारची."

"मंग निघा," ते म्हणाले, "उशीर होईन."

मी निघालो.